72 तासांची सुई: वॉर्डातल्या प्रश्नाचा पुरावा कसा शोधायचा

रात्रीच्या हँडओव्हरमध्ये एक वाक्य हमखास असतं: "बारा नंबरचे 72 तास झालेत, सुई बदला." सुई म्हणजे कॅन्युला, सलाईन-औषधासाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी; काही वॉर्डांत अजून तिला इंट्राकॅथच म्हणतात. बारा नंबरवर सत्तरीच्या आजी. हाताला एक शीर धड नाही, आधीच्या टोचण्यांचे निळे डाग अजून तसेच. सध्याची कॅन्युला मात्र शांत आहे. लाली नाही, सूज नाही, दुखत नाही, फ्लश सहज जातो. तरी ती काढायची आणि नवी शीर शोधायची. नवीन लागलेली स्टाफ विचारते, "का हो सिस्टर?" उत्तर येतं, "आपल्याकडे असंच आहे."

हे उत्तर मीही कित्येक वर्षं दिलं आहे. ते चूक होतं असंही नाही. ते कुठून आलं हे मला माहीत नव्हतं, एवढंच. पुढे विद्यार्थिनींना रिसर्चचा विषय शिकवायची वेळ आली, तेव्हा लक्षात आलं की पुस्तकात पुरावा शोधण्याच्या पायऱ्या असतात, पण खरा प्रश्न घेऊन त्या कुणी चढून दाखवत नाही. म्हणून इथे सुईचाच प्रश्न घेते. मोबाइल किंवा वॉर्डातला कॉम्प्युटर, एक वही आणि निवांत दोन तास एवढं भांडवल पुरे.

पायरी 1: प्रश्न चार तुकड्यांत लिहा

"कॅन्युलाची काळजी" हा विषय आहे, प्रश्न नव्हे. तो तसाच सर्चच्या चौकटीत टाकलात तर हजारो निबंध अंगावर येतील आणि तुम्ही पहिल्याच पानावर कंटाळाल. प्रश्न चार कप्प्यांत पाडायचा: रुग्ण कोण, आपण काय करणार, कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम मोजायचा. परीक्षेसाठी तुम्ही हे पिको म्हणून पाठ केलेलं असेल. आता ते वापरायचं आहे.

आपला प्रश्न असा होतो. रुग्ण: वॉर्डात दाखल असलेले प्रौढ, हाताच्या शिरेत साधी कॅन्युला. करायचं काय: त्रास दिसेल तेव्हाच बदलायची. तुलना: 72 ते 96 तासांनी ठरवून बदलायची. परिणाम दोन: शिरेला सूज येणं, म्हणजे फ्लेबायटिस, आणि रक्तात जंतुसंसर्ग होणं.

हे दोन परिणाम वहीत वेगवेगळ्या ओळींवर लिहा. फ्लेबायटिस आपल्याला आठवड्यातून दोनदा दिसतो. कॅन्युलामुळे रक्तात गेलेला जंतुसंसर्ग एखाद्या स्टाफला अख्ख्या नोकरीत ठळकपणे दिसणारही नाही. सगळी गोम या फरकात आहे, आणि ती सहाव्या पायरीवर बाहेर येते.

"प्रौढ" हा शब्दही सहज म्हणून घातलेला नाही. लहान मुलांसाठी शिफारस वेगळी आहे. रुग्ण कोण हे लिहिलं नाही, तर मुलांवरचा अभ्यास आजोबांना लावून मोकळे व्हाल.

आणखी एक. "फ्लेबायटिस म्हणजे काय, कशाने होतो" हे प्रश्न पुस्तकाचे आहेत. त्यासाठी शोधनिबंध धुंडाळू नका. "हे करू की ते करू" असा पेच असेल तेव्हा चाचण्या शोधा, म्हणजे दोन पद्धती रुग्णांवर वापरून तुलना करणारे अभ्यास. "वारंवार टोचून घेताना रुग्णाला काय वाटतं" हे विचारायचं असेल, तर मुलाखतींवर आधारलेले अभ्यास हवेत. तिथे टक्केवारी शोधणं व्यर्थ आहे.

पायरी 2: आधी मार्गदर्शक सूचना, आणि त्याही मूळ शब्दांत

नवखे थेट शोधनिबंधांकडे धावतात. गरज नाही. तुमच्या प्रश्नावर एखाद्या समितीने शेकडो निबंध वाचून आधीच काही लिहून ठेवलेलं असतं. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संसर्ग प्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना जानेवारी 2020 मध्ये निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेने शिरेतल्या कॅथेटरमुळे होणाऱ्या संसर्गावरच्या सूचनांचा पहिला भाग मे 2024 मध्ये काढला, आणि तो नेमका हातापायांच्या शिरांतल्या कॅन्युलांबद्दल आहे. अमेरिकेच्या सीडीसीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या 2011 च्या सूचना, ब्रिटनच्या 2014 च्या एपिक-3 सूचना आणि अमेरिकेतल्या इन्फ्युजन नर्सेस सोसायटीची मानकं हीही याच विषयाची.

आता 72 तासांची गंमत ऐका. सीडीसीच्या 2011 च्या सूचनेत प्रौढांबद्दल म्हटलं आहे की संसर्ग आणि फ्लेबायटिस टाळण्यासाठी कॅन्युला 72 ते 96 तासांपेक्षा लवकर लवकर बदलण्याची गरज नाही. पुन्हा वाचा. "त्याहून लवकर बदलू नका" असा तिचा रोख आहे. सीडीसीच्याच 2002 च्या सूचनेत प्रौढांची कॅन्युला 72 ते 96 तासांनी बदलायला सांगितलं होतं; 2011 मध्ये शब्द बदलले, पण तोंडातोंडी, मॅन्युअलमधून मॅन्युअलमध्ये, तपासणीच्या यादीतून यादीत "72 तास झाले की बदलाच" हेच फिरत राहिलं. त्रास झाला तरच बदलावी का, यावर 2011 च्या त्याच कागदपत्रात "हा प्रश्न अजून सुटलेला नाही" असं स्पष्ट लिहिलं आहे. मुलांमध्ये मात्र गरज पडेल तेव्हाच बदला, असं सांगितलं आहे.

मी हे मूळ वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा अर्धा मिनिट स्क्रीनकडे बघत बसले. इतकी वर्षं हवाला देत होतो तो याच कागदाचा, आणि तो उघडून कुणी पाहिलाच नव्हता.

एपिक-3 पुढे जाऊन सांगतं की कॅन्युलाची जागा गरज दिसेल तेव्हाच बदला, ठरावीक वेळेने नको. इन्फ्युजन नर्सेस सोसायटीचाही कल तसाच आहे. म्हणजे नामांकित कागदांतही एकमत नाही. अशा वेळी घाबरून जाऊ नका; पुढची पायरी त्यासाठीच आहे.

सूचना वाचताना तीन गोष्टी वहीत टिपा: वर्ष, कुणी काढली, आणि त्या विशिष्ट वाक्यासमोर पुराव्याची प्रत काय लिहिली आहे. सगळ्या शिफारशी सारख्या वजनाच्या नसतात. काही चाचण्यांवर उभ्या असतात, काही निव्वळ तज्ज्ञांच्या मतावर. ते शिफारशीच्या शेजारी आकड्यात किंवा अक्षरात दिलेलं असतं, आणि नेमकं तेच आपण सोडून वाचतो.

पायरी 3: कोक्रेनमध्ये डोकवा

एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या ठरलेल्या नियमांनी शोधून, पारखून, एकत्र मोजायच्या याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. असे रिव्ह्यू करणारी सर्वांत ओळखीची संस्था कोक्रेन. 1993 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचं नाव आर्ची कोक्रेन या ब्रिटिश डॉक्टरवरून पडलं. औषधोपचाराच्या प्रत्येक शाखेने आपल्या चाचण्यांचा हिशेब नीट मांडावा, हा त्यांचा आग्रह होता.

इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चने 2007 मध्ये देशभरासाठी परवाना घेतला आणि कोक्रेन लायब्ररी भारतीयांना खुली झाली. कधी एखाद्या पानावर कुलूप दिसलंच, तरी सारांश आणि सोप्या भाषेतला गोषवारा सगळ्यांना मोफत असतो, आणि बरेचसे रिव्ह्यू प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराने पूर्ण खुले होतात.

आमच्या सुईवर कोक्रेनचा रिव्ह्यू आहे, जानेवारी 2019 मध्ये ताजा केलेला. त्यात 9 चाचण्या आहेत, एकूण 7,412 रुग्ण. निष्कर्ष: ठरवून बदलणं आणि गरजेनुसार बदलणं यांत फ्लेबायटिसच्या किंवा रक्तातल्या जंतुसंसर्गाच्या प्रमाणात स्पष्ट फरक दिसला नाही.

इथे बहुतेक जण लॅपटॉप बंद करतात. "कोक्रेन म्हणतं फरक नाही", झालं सेमिनार. तुम्ही आणखी एक कोष्टक उघडा. रक्तातला जंतुसंसर्ग किती जणांना झाला? गरजेनुसार बदललेल्या 3,590 जणांत 1, आणि ठरवून बदललेल्या 3,733 जणांत 2. सात हजारांवर रुग्णांत मिळून फक्त 3. या आकड्यांना वहीत चौकट करा.

पायरी 4: पबमेडमध्ये शोध

पबमेड हा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा मोफत संग्रह. तिथे बहुतेक निबंधांचे सारांश मिळतात. पूर्ण निबंध मिळेलच असं नाही. शोध इंग्रजीत लिहावा लागतो, पण इंग्रजी फर्डं असण्याची गरज नाही. सहा-सात शब्द नीट निवडता आले की काम भागतं.

युक्ती अशी. चार कप्प्यांतल्या प्रत्येक कप्प्याचे समानार्थी शब्द लिहा. आपण कॅन्युला म्हणतो, कुणी पेरिफेरल कॅथेटर म्हणतं, कुणी इंट्राव्हेनस कॅथेटर. हे सगळे शब्द कंसात घालून त्यांच्यामध्ये "ऑर" लिहा. दुसऱ्या कंसात बदलण्याबद्दलचे शब्द: रिप्लेसमेंट, रिसाइट, रिमूव्हल. दोन कंसांमध्ये "अँड". हे दोन शब्द मोठ्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा. "ऑर" जाळं मोठं करतं, "अँड" ते आवळतं. मुलींना मी सांगते: ऑर म्हणजे बाजारातून मिळेल ती भाजी आणणं, अँड म्हणजे निवडायला बसणं.

परिणामाचा कप्पा सुरुवातीला टाकूच नका. पुष्कळ निबंधांच्या सारांशात फ्लेबायटिस हा शब्द नसतो, तो आतल्या कोष्टकात असतो. चारही कप्पे एकदम टाकले तर तेवढे चांगले निबंध हातचे जातात. दोन कप्प्यांवर शोधा, फार आलं तर तिसरा घाला.

मेश नावाची त्यांची विषयसूची आहे. ग्रंथालयात वेगवेगळ्या नावांची पुस्तकं एकाच विषयाच्या कपाटात लावतात, तसंच काहीसं. लेखकाने कॅन्युला लिहो की कॅथेटर, पबमेड त्या निबंधाला आपल्या ठरलेल्या विषयाची चिठ्ठी लावतं. आपल्या विषयाची चिठ्ठी "कॅथेटरायझेशन, पेरिफेरल" अशी आहे. एक चांगला निबंध सापडला की त्याच्या पानावर खाली जा, लावलेल्या चिठ्ठ्या पाहा आणि त्याच पुन्हा शोधात वापरा. चिठ्ठी लागायला वेळ लागू शकतो, म्हणून अगदी ताज्या निबंधांसाठी साधे शब्दही ठेवा.

शब्दाच्या शेवटी फुली (*) टाकून त्याची सगळी रूपं आणता येतात, पण मग पबमेड त्या शब्दाला आपोआप समानार्थी शब्द जोडणं बंद करतं. हे मला कळायला फार वेळ लागला. तोवर मी फुली टाकायची आणि निकाल कमी का आले म्हणून कपाळाला हात लावायची.

डावीकडच्या गाळण्यांतून "सिस्टिमॅटिक रिव्ह्यू" किंवा "रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल" निवडा. "मागची 5 वर्षं" ही गाळणी जरा जपून लावा. ती आपण सवयीने लावतो, कारण गाइड म्हणतात "रिसेंट हवं". आपल्या प्रश्नावरची सर्वांत महत्त्वाची चाचणी 2012 ची आहे; गाळणी लावली असती तर ती दिसलीच नसती.

गुगल स्कॉलर वाईट नाही. नाव अर्धवट आठवणारा निबंध शोधायला तो उत्तम. पण त्यात निबंध, प्रबंध, कुणाची सेमिनारची फाइल सगळं एका रांगेत येतं, आणि निवड तुम्हालाच करावी लागते. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध आपल्याकडच्या कामाचा अंदाज यायला वाचावेत. त्यावरून वॉर्डातली पद्धत बदलू नये.

आता एआयबद्दल, कारण हल्ली पहिलं सर्च तिथेच होतं. समानार्थी शब्द सुचवायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला त्याला जरूर विचारा. पण त्याने दिलेले संदर्भ जसेच्या तसे उचलू नका. लेखक खरे, जर्नल खरं, वर्ष पटण्यासारखं, आणि निबंध मात्र अस्तित्वातच नाही, असं घडतं. प्रत्येक संदर्भ पबमेडवर शीर्षकाने शोधून पाहा. तिथे नसेल तर तो वहीत येता कामा नये. एका विद्यार्थिनीच्या सायनॉप्सिसमधले अकरापैकी चार संदर्भ असे हवेतले निघाले होते. ती बिचारी व्हायव्हाला बसली असती तर काय झालं असतं याचा विचारच नको.

पायरी 5: पूर्ण निबंध मिळवा

सारांशावर विसंबून काही ठरवू नका. पबमेडच्या पानावर उजवीकडे पूर्ण निबंधाचे दुवे असतात. पबमेड सेंट्रलचा दुवा असेल तर तो मोफत. सरकारी कॉलेजात असाल तर ग्रंथपालांना "वन नेशन वन सबस्क्रिप्शन"बद्दल विचारा. 1 जानेवारी 2025 पासून केंद्र आणि राज्य सरकारांच्या 6,300 च्या वर शैक्षणिक व संशोधन संस्थांसाठी 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 जर्नल्स या योजनेत आहेत. खासगी कॉलेजवाल्यांनी मूळ लेखकाला दोन ओळींची ईमेल करावी. लाजू नका, आपला निबंध कुणीतरी मागतंय याचा बहुतेकांना आनंद होतो.

पायरी 6: वाचताना विचारा, या अभ्यासाला काय दिसू शकत होतं?

इथे घाई करू नका. निबंध हातात आला की आधी निष्कर्ष वाचायची सवय मोडा. "मेथड्स" या भागापासून सुरू करा.

2012 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये क्लेअर रिकार्ड आणि सहकाऱ्यांची चाचणी आली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधली 3 रुग्णालयं, 3,283 प्रौढ रुग्ण. कुणाची कॅन्युला दर तिसऱ्या दिवशी बदलायची आणि कुणाची गरजेनुसार, हे संशोधकांनी निवडलं नाही, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. हे का महत्त्वाचं? समजा स्टाफलाच ठरवू दिलं असतं, तर चांगल्या शिरांच्या लोकांची सुई राहू दिली असती आणि नाजूक शिरांच्या लोकांची बदलली असती. मग जो फरक दिसला असता तो शिरांचा असता, पद्धतीचा नव्हे.

निकाल: गरजेनुसार गटातल्या 1,593 जणांत 114 जणांना फ्लेबायटिस, ठरवून बदललेल्या 1,690 जणांत 114 जणांना. दोन्हीकडे 7 टक्के. नेमका फरक 0.41 टक्क्यांचा, आणि त्याचा 95 टक्के विश्वास-पट्टा उणे 1.33 पासून अधिक 2.15 पर्यंत. या पट्ट्याला घाबरू नका. खरा फरक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असावा, एवढाच त्याचा अर्थ. संशोधकांनी आधीच ठरवलं होतं की फरक 3 टक्क्यांच्या आत राहिला तर दोन्ही पद्धती सारख्याच धरू. पट्टा त्या 3 च्या आत बसला. फ्लेबायटिसच्या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळतं.

आणखी एक आकडा पाहा, तो वॉर्डासाठी मोलाचा आहे. तिसऱ्या दिवशीही आत असलेल्या कॅन्युला गरजेनुसार गटात सरासरी 99 तास टिकल्या, दुसऱ्या गटात 70 तास. म्हणजे "गरजेनुसार" याचा अर्थ पंधरा दिवस सुई विसरून जाणं असा नव्हता.

आता दुसरा परिणाम. रक्तातला जंतुसंसर्ग. वहीतल्या चौकटीकडे परत या: सात हजार जणांत 3. इतक्या क्वचित होणाऱ्या गोष्टीचा फरक सात हजार रुग्णांत दिसणारच नाही. तळ्यात दोनच मासे असतील आणि तुम्ही एकदाच गळ टाकून "मासे नाहीत" म्हणालात, तसं ते होईल. फरक सापडला नाही आणि फरक नाही ही दोन वाक्यं वेगळी आहेत. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

यासाठी एक सोपा हिशेब आहे, कागदाच्या कोपऱ्यावर होतो. एखाद्या अभ्यासात "एकालाही त्रास झाला नाही" असं असेल, तर 3 ला रुग्णसंख्येने भागा. 300 जणांत शून्य, म्हणजे 3 भागिले 300. खरं प्रमाण 100 तला 1 पर्यंत असू शकतं. "आमच्या 60 रुग्णांत एकही संसर्ग नाही" असा प्रबंध आला की हा हिशेब करा: 20 तला 1 पर्यंत धोका त्या अभ्यासाच्या नजरेतून निसटू शकतो.

मग मोठं तळं कुठे मिळालं? जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांत. तिथे 2018 मध्ये ठरवून बदलण्याची पद्धत सोडली आणि गरजेनुसार बदलायला लागले. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा जुन्या पद्धतीवर आले. 2021 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये त्याचा हिशेब आला, 4 लाखांवर कॅन्युलांचा. आधीच्या काळात सुमारे 2 लाख 41 हजार कॅन्युलांत रक्तातले 11 संसर्ग. गरजेनुसारच्या काळात सुमारे 1 लाख 31 हजार कॅन्युलांत 46. धोका सातपट.

सातपट ऐकून दचकायला होतं. मग भागाकार करा. आधी दर 10,000 कॅन्युलांमागे साधारण अर्धा संसर्ग, नंतर साडेतीन. म्हणजे 10,000 मागे 3 जास्त. दोन्ही आकडे खरे आहेत. औषध विकणारा सातपट सांगेल, हात झटकणारा "दहा हजारांत तीन" सांगेल. तुम्ही वहीत दोन्ही लिहा.

या अभ्यासाची कमजोरीही लिहा. इथे चिठ्ठी टाकलेली नाही, आधीचा काळ आणि नंतरचा काळ यांची तुलना आहे. मधल्या काळात आणखी काही बदललं असेल का, हा प्रश्न उरतोच. पण पद्धत परत फिरवल्यावर संसर्ग पुन्हा खाली आले, हे त्याच्या बाजूचं. चाचणीची रचना अधिक भक्कम, पण आकार तोकडा. जिनिव्हाचा आकार मोठा, पण रचना सैल. कोणता "चांगला" हे पुराव्यांची उतरंड दाखवणाऱ्या पिरॅमिडच्या चित्रावरून ठरत नाही. परीक्षेत पिरॅमिड काढा, वॉर्डात मात्र कोणत्या परिणामाबद्दल विचारताय ते आधी पाहा.

पायरी 7: खोटं नाणं ओळखा

हे थोडक्यात. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणारी जर्नल्स खूप आहेत, आणि त्यांची नावं इंटरनॅशनल असतात. प्रमोशनसाठी निबंध लागतो म्हणून आपल्यातलेच लोक तिथे जातात हेही खरं. जर्नल पबमेडमध्ये किंवा खुल्या जर्नल्सच्या डीओएजे यादीत आहे का पाहा. भारतातली चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय क्रमांक, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला क्रमांक, दिला आहे का बघा. 15 जून 2009 पासून अशी नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीच्या वेळी मोजायचा म्हणून लिहिलेला परिणाम आणि निबंधात मिरवलेला परिणाम एकच आहे ना, हेही तिथेच पडताळता येतं.

आणि नामांकित जर्नलसमोरही डोळे मिटू नका. मे 2020 मध्ये कोविडच्या रुग्णांना दिलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा एक मोठा निबंध लॅन्सेटमध्ये आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मागे घेतला गेला, कारण त्यामागचा डेटा कुणालाच तपासता आला नाही. मागे घेतलेल्या निबंधावर पबमेड ठळक पट्टी लावतं. छापील प्रतीवर किंवा व्हॉट्सअॅपवर आलेल्या पीडीएफवर ती नसते. म्हणून पीडीएफ कितीही जुन्या मैत्रिणीने पाठवलेली असो, पबमेडचं पान एकदा उघडाच.

पायरी 8: वॉर्डात नेताना

निबंध घेऊन सरळ इनचार्ज सिस्टरांसमोर उभं राहू नका. "तुम्ही इतकी वर्षं चुकीचं करताय" असं ऐकायला कुणाला आवडेल? एका पानावर लिहा: प्रश्न, कुठे शोधलं, कोणत्या तारखेला, कोणत्या शब्दांनी, काय सापडलं, काय पक्कं नाही. शोधलेले शब्द आणि तारीख यासाठी की सहा महिन्यांनी दुसरी कुणी तोच शोध पुन्हा करू शकेल. पद्धत बदलायची की नाही हे इन्फेक्शन कंट्रोल कमिटी ठरवेल. तुमचं पान त्या बैठकीच्या टेबलावर पोचलं पाहिजे.

त्या पानावर आपल्या वॉर्डाचंही एक वाक्य हवं. "गरज दिसेल तेव्हा बदला" ही पद्धत कुणीतरी प्रत्येक ड्यूटीला जागा पाहतं, यावर उभी आहे. रात्री चाळीस रुग्णांना दोन स्टाफ असतील तर ती गरज कुणाला दिसणार? निबंधात जागा कोण तपासत होतं, किती वेळा तपासत होतं, ते शोधा आणि आपल्या ड्यूटीच्या तक्त्याशेजारी ठेवा.

काही गोष्टींना मात्र कमिटीची वाट पाहायला नको, कारण त्यांच्यावर वाद नाही. ड्रेसिंगवर तारीख-वेळ लिहिणं. प्रत्येक ड्यूटीला जागा पाहून व्हीआयपी स्कोअर, म्हणजे फ्लेबायटिसची लक्षणं पाहून दिलेले गुण, चार्टवर टाकणं. इमर्जन्सीत घाईने, निर्जंतुकपणाची खात्री नसताना लावलेली कॅन्युला 48 तासांच्या आत बदलणं. आणि जिची गरज उरली नाही ती लगेच काढणं.

ही शेवटची सूचना सीडीसीच्या त्याच कागदात आहे, 72 तासांच्या वाक्यापासून फार लांब नाही. ती वाचल्यावर मी बारा नंबरच्या आजींचा चार्ट पुन्हा उघडला. सलाईन आदल्या दिवशी दुपारीच बंद झालं होतं, अँटिबायोटिक गोळ्यांवर आलं होतं. सकाळच्या राउंडला डॉक्टरांना विचारलं, "सर, यांना आता शिरेतून काय द्यायचंय?" त्यांनी चार्ट चाळला, म्हणाले, "काहीच नाही." आजींची सुई काढली, कापूस दाबून धरला, आणि दुसरी लावलीच नाही.